काळ्या कुसळांचा गहू

मलप्पाने ओंबीच्या बुडाचा एक दाणा काढला आणि अंगठ्याच्या नखाने दाबला. नखावर दुधाचा थेंब आला. त्याने तो धोतराला पुसला, चार पावलं पुढे जाऊन दुसरी ओंबी धरली. तिथेही दूधच.

"काय म्हणतंय?" बांधावरून केवळाबाईंनी विचारलं.

"दूध हाय, अक्का."

"मंग?"

"अजून आठ रोज तरी पायजेत. दाणा भिजवलेल्या कणकेवानी झाला पायजे. त्याच्याआधी हात लावला तर बी म्हणून कायबी राहत न्हाई. नुसतं टरफल."

केवळाबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला आणि मोटेच्या पाटाकडे चालू लागल्या. त्या रागावून बोलल्या असत्या तर मलप्पाला बरं वाटलं असतं. ही बाई रागावायची नाही, आणि तेच त्याला जड जायचं. कारण या दोन वाफ्यांत उभा होता तेवढाच तो गहू आता जगात उरला होता, आणि तशी वेळ मलप्पाच्या शब्दामुळे आली होती.

मुदखेडपासून तीन कोसांवरचं हे गाव जहागिरीचं. जहागीरदार राहायचे हैदराबादला आपल्या देवडीत, म्हणजे मोठ्या वाड्यात, आणि मलप्पा त्या देवडीचा माळी, मूळचा देगलूरकडचा. बावीस वर्षं नोकरी झाली होती. तीन वर्षांपूर्वी आंब्याची कलमं पोचवायला तो या गावी आला आणि केवळाबाईंच्या मळ्याशी येऊन थबकला. गव्हाच्या पिवळसर ओंब्या, आणि प्रत्येकीवर वीतभर लांब, काळीभोर कुसळं. वारा आला की सगळा वाफा घोड्याच्या आयाळीसारखा हलायचा. केवळाबाईंच्या आजेसासूपासून हा गहू त्या घरात होता. त्याच्या शेवया केसासारख्या लांब निघत. दुसऱ्या कुणाच्या रानात तो नव्हता, बाजारातही नव्हता.

मलप्पाने त्याची एक पेंढी मागून नेली, उलटी टांगून वाळवली आणि बेगमसाहेबांच्या बैठकीत पितळी फुलदाणीत लावली. पाणी नाही, माती नाही, तरी चार महिने ती तशीच राहिली. बेगमसाहेबांना इतकी आवडली की दुसऱ्या वर्षी हुकूमच आला: हा गहू देवडीसाठी पिकवायचा.

गावाला मोठी करमणूक झाली. पारावरची माणसं केवळाबाईंना विचारायची, "काय काकू, यंदा फुलदाणीला किती पोळ्या लागत्यात?" हसण्यावारी नेलं तरी आत कुठेतरी गावाला ते रुचलं नव्हतं. फुलदाणीसाठी गहू कच्चाच कापावा लागतो. पिकू दिला की काडी पांढरी पडते, हात लागताच कुसळं गळतात. दाण्यात दूध असताना कापला तरच रंग टिकतो. खायचं धान्य दूधपितं असताना मारायचं, म्हाताऱ्यांना ते पाप वाटायचं. केवळाबाई त्यातूनही वाट काढायच्या. वाफ्याचा एक कोपरा त्या पिकायला ठेवायच्या. पुढच्या वर्षाचं बियाणं त्या कोपऱ्यातून यायचं.

पहिल्या वर्षी तर गंमतच झाली होती. केवळाबाईंची सून सिंधु, तिचा नवरा लातूरला अडतीत कामाला, तिने ओंब्या बियाण्याच्या कणसांसारख्या चुलीवर टांगल्या. धुराने किडा लागत नाही, एवढंच तिला ठाऊक. आठ दिवसांनी मलप्पा पाहतो तर सगळ्या ओंब्या तव्याच्या बुडासारख्या. त्याने कपाळावर हात मारून घेतला. सिंधु म्हणाली होती, "तुमाला काळं आवडतं म्हून तर टांगल्या, माळीदादा." तेव्हापासून आतली अंधारी खोली या कामाला राखून ठेवली होती.

यंदा मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. बेगमसाहेबांच्या लेकीचं लग्न होतं, हुकूम सहा हजार ओंब्यांचा आला. मलप्पाने कार्तिकात स्वतः येऊन सांगितलं, "अक्का, घरात असंल तेवढं सगळं बी पेरा. कोपरा तुमचाच राहील. माझा शब्द हाय." केवळाबाईंनी कणगी झाडून शेवटचं शेरभर बीसुद्धा पेरलं. पौषात तांबेरा पडला. पानांवर तांबडी भुकटी दिसली ती सहा वाफे घेऊनच गेली. उरले दोन वाफे, विहिरीजवळचे. त्यांत जेमतेम सहा हजार ओंब्या भरत होत्या. कोपरा ठेवला तर मोजणी कमी पडणार, आणि देवडीचा हुकूम होता की एकही ओंबी मागे राहू नये. ही शोभा दुसऱ्या कुणाच्या बैठकीत दिसलेली बेगमसाहेबांना चालणार नव्हती.

एकच फट होती. वाळताना काही ओंब्यांची मान मोडते. तशा मानमोड्या ओंब्या देवडी घेत नसे, त्या घरच्यांच्या. दरवर्षी त्या कोंबड्यांपुढे जायच्या. यंदा त्यांचंच बियाणं करायचं मलप्पाने मनाशी ठरवलं होतं. पण त्यासाठी कापणी आठ दिवस उशिरा व्हायला हवी होती. रंग थोडा उतरला असता. तो मलप्पाशिवाय कुणाच्या लक्षात आला नसता.

दुपारी देवडीचे कारभारी बापूसाहेब छकड्यातून उतरले. मागे दोन गडी होते, त्यांच्या खांद्यावर विळे.

"मलप्पा, उद्या कापणी," ते सावलीत बसत म्हणाले. "लग्नाची तारीख अलीकडे आली. बारा दिवस अलीकडे."

"उद्या कसं जमंल, बापूसाहेब?"

"विळ्याने. अजून कसं जमतं?"

गडी हसले. मलप्पा हसला नाही. तो तसा भित्रा माणूस. देवडीत कुणी मोठ्याने हाक मारली तरी त्याच्या हातातली कात्री खाली पडायची. बावीस वर्षांत तो कुणाशी खोटं बोलला नव्हता. खोटं बोलायला जो धीटपणा लागतो तो त्याच्याजवळ नव्हता. बांधावर उभ्या केवळाबाईंकडे त्याने एकदा पाहिलं आणि त्याच्या तोंडून शब्द गेले.

"दाण्यात दूध हाय अजून. आत्ता कापली तर कुसळं गळतात."

हे सत्याच्या बरोबर उलट होतं. सिंधुने चमकून त्याच्याकडे पाहिलं. सुदैवाने बापूसाहेबांना बागेतलं काही कळत नव्हतं, हिशेबातलं कळायचं.

"गेल्या साली तर तू दुधातच कापली होतीस म्हणे."

"गेल्या साली थंडी होती," मलप्पा म्हणाला. "यंदा ऊन हाय. यंदाचं येगळं."

बापूसाहेबांनी बोटांवर हिशेब धरला. "किती दिवस?"

"आठ."

"पाच. सहावा नाही. वाळवून, बांधून, गाडीत घालून माल पोचला पाहिजे. आणि जिम्मेदारी कुणाची?"

"माझी," मलप्पा म्हणाला.

बापूसाहेब चावडीत मुक्कामाला राहिले. त्या दिवसांत मलप्पाला धड जेवण गेलं नाही. रोज सकाळी तो एकेक ओंबी दाबून पाहायचा. दूध, मग दही, मग दह्याचं लोणी. नुसत्या नखावर भरवसा ठेवावा तर मन खाई. त्याने दोन-तीन दाणे काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवले, मोड येतो का पाहायला. तिसऱ्या दिवशी फडकं उघडलं तर आत बुळबुळीत लगदा आणि आंबूस वास.

केवळाबाईंनी पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. "अवं, पोटातलं पोर काढून चालायला लावता व्हय? कवळा दाणा आधी काडीवरच सुकू द्यावा लागतो. मंग भिजवावा."

"मग कळणार कसं, अक्का?"

"पेरल्यावर."

हा काही दिलासा नव्हता. लोण्यासारखा दाणा उगवतो की नाही हे बागकामाच्या बावीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फुलाचं तो जाणत होता. दाण्याचं, नाही म्हटलं तरी, ऐकीवच.

चौथ्या दिवशी दुपारी वारा पडला. विहिरीवरचे बैल अंग आकसून उभे राहिले. पश्चिमेला लातूरच्या बाजूने आभाळ चढत होतं, आणि त्याचा रंग पावसाळी नव्हता. पोटाशी हिरवट, कडेने पांढरं.

"गारा हायेत त्यात," सिंधु म्हणाली.

बापूसाहेब चावडीतून जवळजवळ पळतच आले. पायात जोडा एकच होता. "बघतोस काय? काप! आत्ताच्या आत्ता काप! पाच दिवस म्हणे! माझी नोकरी जाईल, तुझं काय जातं?"

मलप्पाने ओंबी दाबली. बोटाखाली दाणा मऊच होता. लोणी. कणिक व्हायला अजून तीन दिवस तरी हवे होते. विळा चालवला तर बी मेलं. नाही चालवला तर गारा सगळंच झोडपून काढणार. गडी विळे घेऊन वाफ्यात उतरले. मलप्पा मध्ये आडवा उभा राहिला खरा, पण पुढे काय बोलायचं ते त्याला सुचेना.

"थांबा!" केवळाबाई ओरडल्या. "इळे ठिवा खाली. कापू नगा, उपटा."

"काय?" बापूसाहेब म्हणाले.

"उपटा. मुळासकट. जोंधळा उपटतो तसा." त्या वाकल्या, चार ताटं एका मुठीत धरून त्यांनी ओढली. पाटाच्या पाण्याने माती भुसभुशीत होती; मुळं ढेकळासकट वर आली. "जोंधळा उपटून आठ-आठ रोज रानात पडलेला असतो. कणीस भरतच असतं. मूळ संगं असलं की ओंबीला वाटतं आपण रानातच हाव. काडीतला रस ती वढून घेती. मुळं वल्या पोत्यात ठिवली तर तीन रोज कुठं न्हाई गेले."

गव्हाला कुणी असं केलेलं मलप्पाने पाहिलं नव्हतं. खुद्द केवळाबाईंनीही केलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण त्यांचे हात थांबले नव्हते.

"देवडीत काय चिखल लावायचा आहे फुलदाण्यांना?" बापूसाहेब ओरडले.

"मुळं मागून छाटतो, बापूसाहेब!" मलप्पाला एकदम वाचा फुटली. "उपटलेली काडी लांब भरते. बेगमसाहेबांना लांबच पायजे. उपटा रे!"

पाचही माणसं वाफ्यात वाकली. शेवटी बापूसाहेबही, धोतर खोचून. ऐकू येत होता तो फक्त मुळं तुटण्याचा चरचर आवाज आणि सिंधुचा श्वास. ती उपटलेली ताटं कवेत घेऊन घराकडे पळे, भिंतीला उभी करी आणि परत येई. पहिला वाफा संपला. दुसऱ्याच्या चार ओळी झाल्या. तेवढ्यात बैलाच्या पाठीवर काहीतरी थाडकन बसलं, आणि बैल हंबरला.

मग एकदमच आलं. सुपारीएवढ्या गारा, नंतर लिंबाएवढ्या. मलप्पाने डोक्यावरचा रुमाल काढून हातातल्या ओंब्यांवर धरला आणि उघड्या डोक्याने पळाला. एका गड्याच्या भुवईतून रक्त आलं. ओसरीत पोचल्यावर सगळे भिंतीला टेकून उभे राहिले आणि समोर पाहत राहिले. दुसरा वाफा उभा होता, मग वाकला, मग दिसेनासा झाला. जमिनीवर पांढरा थर आणि त्यातून इकडेतिकडे काळी कुसळं.

पाव तासात आभाळ निघूनही गेलं. सिंधु वाफ्यात जाऊन आली. तिने मूठ उघडून दाखवली: ठेचलेला पांढरा लगदा. दुसऱ्या वाफ्यातून वेचण्यासारखं काही नव्हतं.

घरात आणलेल्या ओंब्या बापूसाहेबांनी स्वतः मोजल्या. तीन हजार एकशे चाळीस. सहा हजारांच्या जागी. ते उंबऱ्यावर बसले आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले.

तीन दिवस ती ताटं ओल्या पोत्यांत मुळं घालून अंधाऱ्या खोलीत उभी राहिली. मलप्पा दर चार तासांनी पोतं शिंपडायचा. दाणा दाबून पाहायचं धाडस मात्र त्याला होत नव्हतं. चौथ्या दिवशी मुळं छाटून त्याने पेंढ्या बांधल्या आणि आढ्याला उलट्या टांगल्या. रंग उतरला होता, त्याला दिसत होतं. पण कुसळं काळीच राहिली. नऊ दिवस हवा खेळती ठेवून त्याने त्या वाळवल्या. पंधरा दिवसांचं काम नऊ दिवसांत. म्हणून माना जरा जास्तच मोडल्या. दोनशे दहा ओंब्या. त्या त्याने एका टोपलीत वेगळ्या ठेवल्या, आणि टोपली केवळाबाईंसमोर सरकवली.

दहाव्या दिवशी छकडा दारात लागला. पेंढ्या चादरीत गुंडाळून होत असताना बापूसाहेबांची नजर टोपलीवर गेली.

"हे काय?"

"मानमोड्या हायेत. घरच्यांच्या असतात त्या."

"असतील. सहा हजार भरले असते तर." बापूसाहेबांनी एक ओंबी उचलून पाहिली. मान लोंबत होती. "बांबूची कामटी लाव, काळ्या दोऱ्याने बांध. दुरून कोण बघतंय? तीन हजारांत दोनशेसुद्धा दोनशेच असतात. टाक छकड्यात."

"त्यात बी हाय, बापूसाहेब," सिंधु पुढे येऊन म्हणाली. "दुसरं न्हाई राहिलं कुठंच."

"बी बाजारात मिळतं, मुली."

"हे न्हाई मिळत."

"मग दुसरा गहू पेरा. पोट भरल्याशी कारण." बापूसाहेब दुष्टपणे बोलत नव्हते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. रात्री झोपले नसावेत. "हुजुरांपुढे मला उभं राहायचं आहे, तुम्हाला नाही. मलप्पा, उचल ती टोपली."

केवळाबाईंनी टोपलीला हात लावला नाही, की मलप्पाकडे पाहिलंही नाही. त्या दाराच्या चौकटीला धरून अंगणाकडे बघत होत्या. कार्तिकात शेवटचं शेरभर बी त्यांनी याच दारातून नेलं होतं, आणि तेव्हा मलप्पा इथेच उभा राहून हमी देत होता.

मलप्पाने टोपली उचलली. छकड्याच्या दिशेने तो दोन पावलं चालला. मग तो मटकन खालीच बसला, टोपली मांडीवर घेऊन. त्याने एक मूठ ओंब्या घेतल्या, दोन्ही तळव्यांमध्ये धरल्या आणि चोळल्या.

कुसळं तडतडली. बापूसाहेबांना आधी कळलंच नाही काय होतंय. मलप्पाने दुसरी मूठ घेतली. बावीस वर्षांत त्याच्या हातून वाळवणाची एक काडी मोडली नव्हती. देवडीतले नोकर त्याची नक्कल करायचे, मलप्पा ओंबी धरतो जशी बाळाची टाळू. आता तो दात खाऊन चोळत होता. तळव्यांत कुसळं घुसत होती, तरी थांबत नव्हता.

"अरे! अरे, वेड लागलं का तुला?" बापूसाहेबांनी त्याचा हात धरला. मलप्पाने तो सोडवून घेतला. पाठीत धपाटा बसला तरी मान खाली घालून तो तिसऱ्या मुठीला लागला.

"सांगा देवडीत," तो म्हणाला. "सांगा, मलप्पाच्या हातून मोडल्या. सांगा, म्हातारा झाला, हात कापतात त्याचे. म्या बी तेच सांगन."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या."

सिंधु धावत सूप घेऊन आली. टोपलीतला चुरा तिने सुपात घेतला आणि वाऱ्याच्या तोंडाला उभी राहून पाखडायला लागली. काळी कुसळं आणि भुसा अंगणभर उडाला, बापूसाहेबांच्या पगडीवरही बसला. सुपात दाणे उरले. नेहमीच्या गव्हाहून बारीक, अंगावर सुरकुती असलेले, पण दाणे होते.

केवळाबाई आता पुढे आल्या. सुपातला एक दाणा त्यांनी उचलला, दाढेखाली धरला आणि चावला. कट्‌ असा आवाज मलप्पाला ऐकू आला. त्यांनी दुसरा दाणा घेतला, तोही चावला.

"सगळे न्हाई उगवायचे," त्या म्हणाल्या. "पर चार आण्याला एक आणा तर उगवंल. तेवढ्यावर मी दोन वर्सांत वाफा उभा करते. सिंधे, बियाला लावायला राख आण चाळून."

सिंधु आत गेली. बापूसाहेब छकड्याच्या चाकाला टेकून उभे होते. त्यांनी पगडी काढून झटकली, छकड्यात चढून बसले आणि गाडीवानाला म्हणाले, "हाण. मुदखेडची आगगाडी चुकेल." मलप्पाकडे न पाहता त्यांनी पुढे जोडलं, "तू बसायचं नाहीस आत. चालत ये."

"व्हय," मलप्पा म्हणाला.

केवळाबाईंनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो उभ्यानेच प्यायला. तळव्यांतली कुसळं काढायला वेळ नव्हता. छकडा वेशीबाहेर पडला तसा पुढे एक खड्डा आला, आणि चादरीतल्या पेंढ्या एकमेकींवर आदळू लागल्या. मलप्पाने झपाझप पावलं टाकत छकडा गाठला, दोन्ही हात आत घालून त्याने पेंढ्या सावरून धरल्या, आणि तसाच, वाकलेला, धरलेले हात न सोडता, तो मुदखेडपर्यंत तीन कोस छकड्यामागून चालत गेला.